नवख्या बचावफळीला मोसमाआधीच मोडीत काढू नका

अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीचा मोसम ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होतो आणि सप्टेंबरपासूनच एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो: ज्या संघाच्या बचावात पहिल्या वर्षाची पोरं जास्त, त्या संघाचा मोसम गेलाच म्हणून समजा. त्याला चार कारणं जोडलेली असतात. असा संघ आजवर जिंकलेला नाही, बचाव शिकायलाच सगळ्यांत जास्त वेळ लागतो, समोर चोवीस-पंचवीस वर्षांचे दणकट गडी असतात, आणि चांगली पोरं तयार झाली की एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये निघून जातात, म्हणजे शिकवलेलंही वाया. मिनेसोटा, मिशिगन, बॉस्टनकडच्या आपल्या मराठी मंडळींतही हे आता ठाम सत्य असल्यासारखं बोललं जातं. यातलं एक कारण अर्धं खरं आहे. बाकीची तीन नोंदींपुढे टिकत नाहीत.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. बर्फावर एका वेळी गोलरक्षक आणि पाच खेळाडू असतात. त्या पाचांत दोन बचावपटू. अशा तीन जोड्या आळीपाळीने, साधारण पाऊण-एक मिनिटाच्या पाळीने, उतरतात. म्हणजे ‘बचावफळी’ म्हणजे मुख्यतः सहा जण.

‘असा संघ जिंकूच शकत नाही.’

मिनेसोटा-डुलुथ विद्यापीठाचा संघ, २०१७. हे उदाहरण विस्तारानेच सांगायला हवं, कारण त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये या संघाची स्थिती वरच्या मजकुराला अगदी हवी तशी होती. त्याआधीच्या एप्रिलमध्ये शिकागोत डुलुथने डेन्व्हरकडून अंतिम सामना ३-२ असा गमावला होता. त्यानंतर संघाचा बचाव जवळजवळ रिकामा झाला. नील पिऑन्क एनएचएलमधल्या न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. कार्सन सूसी आणि विली रॅस्कॉब यांची कॉलेजची चार वर्षं संपली. इतकंच कशाला, ज्याच्या भरवशावर संघ अंतिम फेरीत पोचला होता तो गोलरक्षक हंटर मिस्का हाही व्यावसायिक हॉकीत गेला. प्रशिक्षक स्कॉट सँडेलिन यांच्या हाती उरला तो दुसऱ्या वर्षाचा उंचापुरा निक वुल्फ, आणि त्याच्याभोवती नवीन पोरं: स्कॉट पेरूनोविच, डिलन सॅमबर्ग, मायकी अँडरसन, लुई रोल, मॅट अँडरसन. गोलमध्ये हंटर शेपर्ड, ज्याने तोवर कॉलेजचं हॉकी जेमतेम खेळलं होतं.

सुरुवात डळमळीतच झाली, हे मान्य करायला हवं. संपूर्ण मोसमात डुलुथचे १६ पराभव झाले. राष्ट्रीय स्पर्धेत १६ संघ घेतात. त्यात त्यांना जागा मिळाली तीही क्रमवारीत मिनेसोटा विद्यापीठाला केसभर अंतराने मागे टाकून. तो निकाल उलटा लागला असता तर आज ही सगळी चर्चाच झाली नसती.

पण पुढे काय झालं ते पाहा. मिनेसोटा स्टेटवर जादा वेळेत ३-२. एअर फोर्सवर २-१. उपांत्य सामन्यात ओहायो स्टेटवर २-१. आणि ७ एप्रिल २०१८ ला सेंट पॉलमध्ये, अंतिम सामन्यात, नोत्र दामवर २-१. चार सामने, चारही एका गोलाच्या फरकाने, आणि प्रतिस्पर्ध्यांचे मिळून गोल फक्त पाच. ज्या संघाचे पुढचे खेळाडू सहा-सहा गोल ठोकतात त्याचा कच्चा बचाव झाकला जातो. डुलुथला ती सोय नव्हती. अंतिम सामन्यात पहिल्या सत्रातच त्यांनी २-० आघाडी घेतली, दुसऱ्या सत्रात नोत्र दामने एक परत केला, आणि तिसरं सत्र, पूर्ण वीस मिनिटं, त्या एका गोलाची राखण करण्यात गेलं. राखण करणाऱ्या सहा बचावपटूंपैकी पाच पहिल्या वर्षाचे होते.

पेरूनोविचने त्या मोसमात ३६ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) मिळवले आणि देशातल्या सर्वोत्तम नवोदिताचा टिम टेलर पुरस्कार पटकावला. तो, सॅमबर्ग आणि मायकी अँडरसन असे तिघेही त्याच हिवाळ्यात जागतिक ज्युनिअर स्पर्धेत अमेरिकेच्या संघात होते. मोसमाच्या ऐन मध्यावर तीन नवखे बचावपटू संघाबाहेर गेले, बफेलोत कांस्यपदक घेऊन परत आले, आणि मग डुलुथचा खेळ चढत गेला. ऑक्टोबरमधला संघ आणि मार्चमधला संघ यांची नावं एकच असली तरी संघ एक नसतो. मोसमाआधीच्या भाकितातून नेमकं हेच निसटतं.

‘जेत्यांची यादी बघा, सगळे अनुभवी बचावाचेच.’

वरच्याच मुद्द्याचा हा धाकटा भाऊ. इथे हमखास २०२३ चं क्विनिपिऍक पुढे केलं जातं. त्या संघाचा कर्णधार आणि बचावपटू झॅक मेट्सा पाचव्या वर्षात होता, हे खरंच आहे. पण पाचवं वर्ष आलं कुठून? कोविडच्या २०२०-२१ च्या मोसमामुळे एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने सर्व खेळाडूंना एक जादा वर्ष दिलं होतं. त्यामुळे पुढची काही वर्षं सगळीकडेच संघ वयाने मोठे झाले. ती सवलत आता संपली आहे. तात्पुरत्या नियमातून निघालेला कल कायमचा म्हणून सांगणं बरोबर नाही.

त्याच यादीत २०२४ चं डेन्व्हर आहे. झीव ब्यूइअम तेव्हा अठरा वर्षांचा, पहिल्या वर्षाचा बचावपटू. मोसमात ५० गुण. त्याच्याबरोबर बॉस्टन बकबर्गर, तोही पहिल्या वर्षाचा. राष्ट्रीय स्पर्धेत डेन्व्हरने मॅसॅच्युसेट्सला दुसऱ्या जादा सत्रात २-१, कॉर्नेलला २-१, बॉस्टन विद्यापीठाला जादा वेळेत २-१ आणि अंतिम सामन्यात बॉस्टन कॉलेजला २-० हरवलं. चार सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना तीन गोल. अंतिम सामन्यात गोलरक्षक मॅट डेव्हिसने ३५ फटके अडवले, त्यामुळे सगळं श्रेय बचावपटूंना देणार नाही. पण बचाव कच्चा असता तर २-१ चे तीन सामने एकामागून एक काढता आले नसते.

आता २०२५. इथे मजकूर लिहिणाऱ्यांच्या हाती खरोखर एक सामना आहे: बॉस्टन विद्यापीठ, बचावात पहिल्या वर्षाचे कोल हटसन आणि साशा बूमेडियेन, अंतिम सामन्यात वेस्टर्न मिशिगनकडून २-६ असा पराभव. सहा गोल हा मोठा आकडा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण त्या सामन्यापर्यंत पोचायला याच बचावाने ओहायो स्टेट, कॉर्नेल आणि पेन स्टेट यांना हरवलं होतं. उपांत्य सामन्यात पेन स्टेटला एकच गोल करता आला. देशात दुसरा येणारा संघ ‘मोसम वाया गेला’ या दाव्याच्या बाजूने कसा मोजायचा? आणि जिंकलेल्या वेस्टर्न मिशिगनचा गोलरक्षक, म्हणजे बचावाचा शेवटचा माणूस, हॅम्प्टन स्लुकिन्स्की हाच मुळी पहिल्या वर्षाचा होता.

तळाच्या संघांचंही बघू. मॅसॅच्युसेट्सचा २०१६-१७ चा मोसम ५ विजय, २९ पराभव, २ बरोबरी असा होता. पुढच्या वर्षी केल मकार आणि मारिओ फेरारो हे दोन नवखे बचावपटू आले. विजय १७ झाले. त्याच्या पुढच्या वर्षी ३१, आणि संघ थेट अंतिम सामन्यात. प्रशिक्षक ग्रेग कार्व्हेल यांनी संघ उभा केला तो बचावातल्या नव्या पोरांवर विश्वास टाकूनच. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी हा फिरता मजकूर ऐकला असता तर मकारला तिसऱ्या जोडीत बसवून ठेवलं असतं.

‘बचाव शिकायलाच सगळ्यांत जास्त वेळ लागतो.’

हे ते अर्धं खरं कारण. आघाडीच्या खेळाडूची चूक बहुतेक वेळा समोरच्या टोकाला विरून जाते. बचावपटूची चूक आपल्याच गोलमध्ये पोचते. दोन खेळाडू अंगावर धावून येत असताना मान वळवून मागे बघायचं, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, उचलायचा आणि पहिलाच पास नीट द्यायचा, हे सरावाशिवाय येत नाही. येणाऱ्या खेळाडूपासून किती अंतर राखायचं, कधी मागे सरकायचं, कधी आपल्या भागाच्या सीमेवरच्या निळ्या रेषेवरच उभं राहायचं, याचा अंदाज वेगाबरोबर बदलतो, आणि कॉलेजचा वेग त्याआधी पोरं जिथे खेळतात त्या ज्युनिअर लीगपेक्षा जास्त असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवख्या बचावाला याची किंमत मोजावी लागते. ती मोजावी लागणार असं लिहिणाऱ्याशी माझं भांडण नाही.

पण ‘वेळ लागतो’ या वाक्यातून ‘मोसम गेला’ हे वाक्य निघत नाही. कॉलेज हॉकीचं वेळापत्रकच शिकवण्यासाठी सोयीचं आहे. सामने बहुतेक शुक्रवार-शनिवारी, बऱ्याचदा दोन्ही दिवशी एकाच प्रतिस्पर्ध्याशी. शुक्रवारी जे चुकलं ते रात्री चित्रफितीवर दाखवायचं आणि शनिवारी त्याच संघासमोर दुरुस्त करायचं. मग सोमवार ते गुरुवार सराव. ज्युनिअर लीगमध्ये मोसमाला साठेक सामने, लांबचे बसप्रवास, सरावाला वेळ कमी. व्यावसायिक हॉकीतही तेच. शिकणाऱ्या बचावपटूला कॉलेजइतका निवांत, भरपूर सराव वरच्या पातळीवर क्वचितच मिळतो.

शिवाय बचाव फक्त बचावपटू करत नाहीत. मधला आघाडीपटू, म्हणजे सेंटर, आपल्या गोलपर्यंत खाली येतो की नाही, यावर नवख्या जोडीचं अर्धं ओझं ठरतं. डुलुथकडे २०१८ मध्ये कार्सन कूलमन आणि जॅरेड थॉमस हे चौथ्या वर्षाचे आघाडीपटू होते. अंतिम सामन्यातले दोन्ही गोल त्यांचे, आणि कर्णधार कूलमन फ्रोझन फोरचा, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून मोसमाआधी एखाद्या तरुण संघाच्या बचावाचा अंदाज करायचा असेल तर मी आधी सेंटर बघते. ते जुने आणि जबाबदार आहेत का? मग गोलरक्षक. तो बाहेर आलेला पक स्वतः काठीने बाजूला काढून देऊ शकतो का? तसा असेल तर बचावपटूला पाठीवर दणका घेत पक उचलायला जावं लागत नाही. त्यानंतर सुरुवातीचे सामने घरी किती, कारण घरच्या संघाला खेळाडू शेवटी बदलण्याचा हक्क असतो आणि प्रशिक्षक नवख्या जोडीला समोरच्या आघाडीपटूंच्या सर्वोत्तम ओळीपासून लांब ठेवू शकतो. बचावपटू कितव्या वर्षात आहेत हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो.

‘समोर चोवीस वर्षांचे दांडगे असतात.’

यात एक गृहीतक दडलेलं आहे: पहिल्या वर्षाचा म्हणजे अठरा वर्षांचा. हॉकीत तसं नसतं. बहुतेक खेळाडू शाळा संपल्यावर एक-दोन वर्षं ज्युनिअर लीगमध्ये काढूनच कॉलेजात येतात, त्यामुळे वीस-एकवीस वर्षांचा फ्रेशमन ही रोजची गोष्ट आहे. हिबिंगचा पेरूनोविच एनएचएलच्या निवडीत दोनदा डावलला गेला होता. सीडर रॅपिड्सच्या ज्युनिअर संघात एक मोसम खेळून तो एकोणिसाव्या वर्षी डुलुथला आला. मायकी अँडरसन वॉटरलूमध्ये दोन मोसम खेळून आला होता.

१ ऑगस्ट २०२५ पासून तर कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमधल्या खेळाडूंनाही कॉलेजात खेळायची मुभा आहे. आता ‘नवखा’ म्हणून नाव लागलेल्या पोराच्या मागे तिथल्या दणकट हॉकीचे शे-दीडशे सामने असू शकतात. काही जण खरोखरच कोवळे आहेत. नॉर्थ डकोटाला गेलेला कीटन व्हेरहॉफ सतराव्या वर्षी कॉलेजात आला. म्हणूनच प्रत्येकाचं वय आणि तो कुठून खेळून आला हे बघावं लागतं. यादीत नावापुढे लिहिलेलं ‘पहिलं वर्ष’ यातलं काहीच सांगत नाही. अजून एक: कॉलेजात मारामारी केली तर सामन्यातून हकालपट्टी आणि पुढच्या सामन्याची बंदी होते, त्यामुळे दहशतीने खेळ फिरवण्याला इथे मर्यादा आहे.

‘तयार झाले की निघून जातात.’

काही जातात, पण बहुतेक लगेच जात नाहीत. मकार दोन वर्षं राहिला, ब्यूइअम दोन वर्षं. सॅमबर्ग तीन. पेरूनोविचही तीन, आणि तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, त्याला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळाला. जो संघ पहिल्या वर्षी चुका सोसून पोरांना खेळवतो, त्याला दुसऱ्या वर्षी तयार बचाव मिळतो. डुलुथला मिळाला. १३ एप्रिल २०१९ ला बफेलोतल्या अंतिम सामन्यात समोर मकारचं मॅसॅच्युसेट्स होतं. पेरूनोविच, सॅमबर्ग, मायकी अँडरसन, वुल्फ आणि मागे शेपर्ड. मॅसॅच्युसेट्सला एकही गोल करता आला नाही. डुलुथने ३-० असा जिंकून सलग दुसरा करंडक घेतला, जे २००४ आणि २००५ च्या डेन्व्हरनंतर कोणालाच जमलं नव्हतं.