परदेशातून : दोन ग्रॅमचं झाकण

पाण्याच्या बाटलीचं एक झाकण साधारण दोन ग्रॅम भरतं. पाचशे झाकणांचा एक किलो. ५० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि एक सेंटिमीटर जाड असा प्लास्टिकचा पाट करायचा तर नुसत्या आकारमानाच्या हिशोबाने २ किलो ४०० ग्रॅम माल लागतो. थंड होताना पाट आटतो आणि कडाही कापाव्या लागतात, म्हणून प्रत्यक्षात अडीच-पावणेतीन किलो घालावा लागतो. म्हणजे एका पाटाला तेराशेच्या आसपास झाकणं. दोनशे घरांच्या सोसायटीत प्रत्येक घराने रोज एक झाकण न चुकता वेगळं काढलं, तर महिन्याला १२ किलो जमतात आणि त्यातून चार पाट होतात.

सोसायटीच्या आवारातच प्लास्टिक रिसायकलिंगचं छोटं मशीन बसवावं की नाही, या वादात हे गणित सहसा कुणी मांडत नाही. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या संकुलांत असो की नवी मुंबईतल्या नेरूळ-ऐरोलीत, दोन्ही बाजू ठरलेल्या आहेत. एक म्हणते, नेदरलँड्समध्ये लोक गॅरेजात हे करतात, मग आपल्याला का जमू नये? दुसरी म्हणते, आपण कर भरतो, कचऱ्याचं महापालिकेने बघावं. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहरात राहून हा वाद ऐकताना पहिल्या बाजूची एक मोठी गैरसमजूत दूर करावीशी वाटते, आणि दुसरीलाही तिच्याच शहरात काय चालू आहे ते दाखवावंसं वाटतं.

ज्या मशीनचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर फिरतात, त्यांचा जन्म आइंडहोव्हनचाच. डेव्ह हाकेन्स या इथल्या डिझाइन अकॅडमीच्या विद्यार्थ्याने २०१३ मध्ये ‘प्रेशस प्लास्टिक’ हा प्रकल्प सुरू केला. चुरा करणारं, दाबून तक्ता करणारं, साच्यात ढकलणारं आणि सलग पट्टी काढणारं, अशा मशीनचे आराखडे सगळ्यांना फुकट खुले केले. काम फार मोलाचं आहे. पण या मशीनवर इथल्या एकाही शहराचा कचरा चालत नाही. त्या कार्यशाळा माणसांना प्लास्टिक हाताळायला शिकवतात.

कचरा हलतो तो अनामत रकमेमुळे. मोठ्या बाटलीवर २५ सेंट, १ जुलै २०२१ पासून लहान बाटलीवर १५ सेंट आणि १ एप्रिल २०२३ पासून पेयाच्या डब्यावरही १५ सेंट. सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या मशीनमध्ये बाटली टाकायची, पावती घ्यायची आणि बिलातून वजा करायची. एवढं करूनही ९० टक्के बाटल्या परत मिळवण्याचं कायद्याने घातलेलं लक्ष्य पहिल्या वर्षांत गाठता आलं नाही. ॲमस्टरडॅमने तर घरोघरी प्लास्टिक वेगळं ठेवण्याऐवजी ते मिसळ कचऱ्यातून कारखान्यात वेगळं काढण्याचा मार्ग धरला. शिवाय कच्च्या तेलापासून केलेला प्लास्टिकचा नवा दाणा, म्हणजे कारखान्यांचा कच्चा माल, इतका स्वस्त झाला की गेल्या काही वर्षांत इथले काही रिसायकलिंग कारखाने दिवाळखोरीत गेले. ‘परदेशात सगळं जमलंय’ हे खरं नाही.

उलट ठाण्यात आणि नवी मुंबईत पेटची, म्हणजे पाण्याची-शीतपेयाची नेहमीची पारदर्शक बाटली अनामत रकमेशिवायच परत फिरते. सोसायटीतले सफाई कामगार, कचरावेचक, भंगारवाला, पुढे गाळ्यात ग्राइंडरवर चुरा करणारा आणि चुऱ्याचा दाणा करणारा, अशी ही साखळी आहे. या कामाचा तिला कुणी वेगळा पगार देत नाही, बाटलीच्या वजनावर ती चालते. म्हणून माझं पहिलं आणि ठाम मत असं, की सोसायटीने पेटला हात लावू नये. ती बाटली कचरावेचकाच्या भाकरीची आहे. आणि तांत्रिक कारणही तेवढंच पक्कं आहे. पेट वितळतं २५० अंशांच्या आसपास, शिवाय ते हवेतलं पाणी शोषतं. नीट वाळवल्याशिवाय तापवलं की त्या पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात आणि हाती येतो तो काचेसारखा ठिसूळ तुकडा. घरगुती साधनांनी हे सांभाळणं जवळपास अशक्य आहे.

मग उरतं काय? झाकणं, शाम्पू आणि फिनेलच्या बाटल्या, तुटक्या बादल्या, जेवणाचे डबे. म्हणजे मुख्यतः दोन प्लास्टिकं, एचडीपीई (हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन). त्यातही सुरुवात एकाच मालापासून करावी, आणि झाकण त्यासाठी सगळ्यात सोयीचं आहे. ते सुटं असलं की भंगारात कुणी वेचत नाही, गटारातून खाडीत जातं आणि तरंगत असल्यामुळे भरतीबरोबर खारफुटीत अडकून बसतं. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. युरोपात जुलै २०२४ पासून झाकण बाटलीला जोडलेलंच ठेवण्याची सक्ती आहे ती याच कारणाने. आपल्याकडे ते सुटं होतं, म्हणून ते वेगळं जमवायला अर्थ आहे.

पण सगळी झाकणं एका जातीची नसतात, आणि नवशिके हमखास इथेच फसतात. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं बहुतेक एचडीपीईची असतात. शाम्पू-केचपची टिचकीने उघडणारी, बिजागरी असलेली झाकणं पीपीची. दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे पाण्याची परीक्षा इथे कामाची नाही. तेलाची आहे. वाटीत खाण्याचं तेल घ्या, झाकणाचा नखाएवढा तुकडा कापून त्यात बुडवा आणि त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका. तेलाची घनता साधारण ०.९२, पीपीची ०.९०, एचडीपीईची ०.९५. पीपी वर येतं आणि एचडीपीई सावकाश तळाला जाऊन बसतं. तेलकट तुकडा फेकून द्या, तो मालात घालायचा नाही. प्रत्येक झाकणाची परीक्षा घ्यायची गरज नाही. एका ब्रँडच्या एका रंगाची एकदा घेतली की नमुने एका पुठ्ठ्यावर चिकटवून डब्यापाशी टांगून ठेवावेत.

ही दोन प्लास्टिकं वितळल्यावर एकजीव होत नाहीत. पाट दिसतो छान, पण वाकवला की पापुद्रे सुटतात. पेटचा एखादा तुकडा आला तर तो वितळतच नाही, पाटात खड्यासारखा राहतो आणि करवतीचं पातं तिथेच अडकतं. सगळ्यात वाईट पीव्हीसी. झाकणावरचं आकसून बसलेलं पारदर्शक सील बऱ्याचदा पीव्हीसीचं असतं. एचडीपीई वितळवण्याच्या तापमानाला ते हायड्रोजन क्लोराइड सोडायला लागतं. ते घशाला झोंबतं आणि साच्याचं लोखंडही गंजवतं. सुदैवाने पीव्हीसी पाण्यात बुडतं. म्हणून धुताना जे तळाला जाईल ते सरसकट टाकून द्यायचं. सोड्याच्या काही झाकणांत आतून मऊ चकती असते. ती सुरीच्या टोकाने निघाली तर ठीक, नाहीतर झाकणच बाद.

धुण्यासाठी १० लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी कपडे धुण्याची पावडर टाकून अर्धा तास भिजवणं पुरतं. ते पाणी नायलॉनच्या बारीक कापडातून गाळल्याशिवाय मोरीत सोडू नका, नाहीतर खाडी वाचवायला निघालेले लोक प्लास्टिकचे बारीक कण स्वतःच्या हाताने खाडीत पाठवतील. वाळवणं हा जून ते सप्टेंबरातला खरा प्रश्न. एचडीपीई पाणी शोषत नाही, पण झाकणांच्या आट्यांत राहिलेलं पाणी चुऱ्याबरोबर साच्यात गेलं तर तापताना त्याची वाफ होते आणि पाटात पोकळ्या धरतात. मूठभर झाकणं काचेच्या बरणीत घालून बरणी घट्ट बंद करा आणि बरणी तासभर कोमट पाण्यात ठेवा. काचेला आतून दव धरलं तर अजून एक दिवस पंख्याखाली.

आता मशीन. ते सोसायटीत मुळीच आणू नये असं मला वाटतं. पाच हॉर्सपॉवरच्या ग्राइंडरला १२ किलो झाकणं म्हणजे पाव तासाचं काम, तेही महिन्यातून एकदा. वागळे इस्टेटमध्ये आणि तुर्भे-महापे-रबाळ्याच्या पट्ट्यात हे काम रोज करणारी माणसं आहेत. हाताच्या दांड्याने चालणारी मोल्डिंग मशीनं आणि साचे करणारे कारागीर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यासाठी आइंडहोव्हनचा आराखडा मागवायला नको. जॉबवर्कवर, म्हणजे मजुरी देऊन, दळून घ्या. फक्त दोन गोष्टी सांगा : जाळी ६ ते ८ मिलिमीटरची हवी, आणि पहिला अर्धा किलो चुरा बाजूला काढून टाकायचा, कारण त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा माल मिसळलेला असतो. शिवाय प्लास्टिकवर प्रक्रिया करायला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. ग्राइंडरचा आवाज आणि वितळणाऱ्या प्लास्टिकचा वास दोनशे घरांच्या मध्ये नेणं हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. निवडणं, धुणं, वाळवणं सोसायटीत करावं, दळणं आणि तापवणं गाळ्यात.

तापवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण व्हिडिओंत हाच भाग सर्वात घाईने उरकतात. एचडीपीई १३० अंशांना वितळतं, पण नीट पसरायला त्याला १८० ते १९० लागतात. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा २० अंशांनीही चुकू शकतो. तापमान प्लेटच्या आत बसवलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) मोजायचं, हवेचं नाही. प्लास्टिक उष्णतेला फार हळू वाट देतं. एक सेंटिमीटर जाडीचा पाट मधोमध वितळायला दोन्हीकडून प्लेट तापलेल्या असतानाही पाऊण तास सहज जातो. घाई करून २३०-२४० वर नेलं की कडा पिवळ्या पडून धूर येतो आणि मध्ये कच्चा चुरा तसाच राहतो. हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले बिघडला तर तो बहुधा चालूच राहतो, कंट्रोलरने काहीही सांगितलं तरी. म्हणून तापमान फार वाढलं की वीज तोडणारा वेगळा थर्मल कटआउट आणि शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी स्विच हवाच. तापमान सांभाळलं तरी वाफा थोड्या येतातच. एन-९५ मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क आणि बाहेर हवा टाकणारा पंखा लागतो.

साच्याला दोन्ही बाजूंनी टेफ्लॉनचं कापड लावलं की पाट चिकटत नाही. बाहेर काढायची मात्र घाई नको. एचडीपीई थंड होताना दोन-तीन टक्के आटतं आणि एक बाजू आधी थंड झाली तर पाट पापडासारखा वळतो. क्लॅम्प आवळलेलेच ठेवायचे, हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत. ५० सेंटिमीटरच्या साच्यातून साधारण ४९ चा पाट निघेल हे धरूनच मापं घ्यावीत.

त्या पाटाचं करायचं काय, हे आधी ठरवावं. खाण्याच्या पदार्थाला लागेल असं काहीही नको. जिन्यातले मजल्यांचे आकडे, पत्रपेटीची दारं, कुंड्यांखालचे ठोकळे, मुलांच्या खोलीतली फळी चालेल. बागेतल्या बाकावर रंगीबेरंगी पाट लावू नये. ठाण्याच्या उन्हात तो रंग विटतो आणि पृष्ठभाग खडूसारखा सुटायला लागतो. बाहेर ठेवायचं तर काळा मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाट दाणा, घालावा लागतो, शंभर किलोला पाच-सहा किलो, म्हणजे रंगांची हौस सोडायची. वेफर्सच्या पाकिटांसारख्या अनेक थरांच्या वेष्टनाला यात जागा नाही. ते बाटलीत ठासून विटा करण्याचा सल्लाही मला पटत नाही, त्यात भंगारात विकली गेली असती अशी चांगली बाटली वाया जाते. आणि आवारात प्लास्टिक तापवून इंधन काढण्याचा प्रयोग कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणावं. बंद भांड्यात ज्वलनशील वायू तयार करण्याचं ते काम आहे.

हे सगळं करून पैसे सुटत नाहीत. १२ किलो चुऱ्याची किंमत, दळण्याची मजुरी आणि दोन माणसांची शनिवार दुपार यांचा मेळ बसत नाही, बसणारही नाही. तरीही हे करावं असं मला मनापासून वाटतं, कारण ज्या घराने वाटीभर तेलात झाकण बुडवून पाहिलं, त्या घराला ‘प्लास्टिक’ हा एक पदार्थ नाही हे कळतं. मग ओला-सुका वेगळा करा म्हणून सांगावं लागत नाही. आणि प्लास्टिकबंदीच्या वादात ते घर नेमका प्रश्न विचारू शकतं. महाराष्ट्राच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत पेटच्या बाटल्यांवर परतखरेदीची किंमत छापून त्या परत घेण्याची तरतूद होती. पिशव्यांच्या गदारोळात ती मागे पडली. नेदरलँड्समधून काही उचलायचं असेल तर ते हे आहे, फक्त दुकानाच्या दारातल्या मशीनऐवजी मोजणी करणारा माणूस तुमच्या परिसरातला कचरावेचक असावा आणि रक्कम त्याच्या हाती पडावी.

सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मशीनचा ठराव आला, तर त्याऐवजी एक वजनकाटा, झाकणाएवढंच भोक पाडलेला एक पिंप आणि नमुन्यांचा पुठ्ठा एवढ्याला मंजुरी द्यावी. दर रविवारी वजन करून आकडा लिफ्टशेजारी लिहावा. किती एचडीपीई, किती पीपी, किती बाद. असे तीन महिने. बाद माल दहा टक्क्यांच्या खाली आला की गाळेवाल्याला फोन करायला हरकत नाही.