तेलात न्हालेली बंदूकही गंजते

उत्तम दर्जाची दुनळी बंदूक काही वर्षे वापराविना ठेवायची असल्यास तिला आतून-बाहेरून भरपूर तेल चोपडावे, नळ्यांच्या तोंडांत तेलाचे बोळे घालावेत, मऊ कापडात गुंडाळून तिच्या मूळ चामडी पेटीत ठेवावे आणि मग दहा वर्षे पेटी उघडण्याचे कारण नाही. शिवाय ब्लूइंग केलेल्या, म्हणजे पोलादावर निळसर-काळा थर चढवलेल्या नळीला गंज चढतच नाही, असा सल्ला सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातले एकही कलम जसेच्या तसे पाळण्याजोगे नाही.

आधी शेवटचे विधान घेतो, कारण बाकीची निष्काळजी त्याच्याच भरवशावर चालते. ब्लूइंग हा रंग नव्हे. तोही एक प्रकारचा गंजच आहे. दुनळीच्या नळ्या बहुधा मऊ डाखाने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि गरम क्षाराच्या कढईत तो डाख खाल्ला जातो. म्हणून अशा नळ्यांवर मुद्दाम तांबडा गंज चढू देतात, त्या पाण्यात उकळून त्याचे मॅग्नेटाइट या लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करतात, सुटा थर तारेच्या ब्रशने झाडतात आणि हीच क्रिया अनेक वेळा करतात. हाती येणारा थर अतिशय पातळ आणि सच्छिद्र असतो. तो तेल धरून ठेवतो, हा त्याचा खरा गुण. तेल नसेल तर तीच छिद्रे ओलावा धरतात.

आता तेलाविषयी. तेलाच्या थरातून पाणी आणि प्राणवायू हळूहळू का होईना, आरपार जातातच. साधे खनिज तेल उताराकडे ओघळते आणि नेमक्या कडा, कोपरे उघडे पडतात. गंजरोधक म्हणून बनवलेल्या तेलांत धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारी द्रव्ये मिसळलेली असतात. संरक्षण त्या द्रव्यांमुळे मिळते, जाडीमुळे नव्हे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेलाखाली काय राहिले आहे. बोटांच्या घामातले मीठ पुसून न काढता वर तेल लावले, तर ते मीठ ओलावा ओढत तिथेच काम करत राहते आणि काही महिन्यांनी ठशाच्या आकाराचा डाग उमटतो. म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती आधी नीट स्वच्छ व कोरडी करावी, मग तेलाचा हलका हात फिरवावा आणि त्यानंतर उघड्या हाताने धातूला स्पर्श करू नये. बाहेरच्या पृष्ठभागासाठी मायक्रोक्रिस्टलाइन मेण (खनिज तेलापासून काढलेले, अतिशय बारीक स्फटिकांचे मेण) मला तेलापेक्षा बरे वाटते, कारण ते ओघळत नाही.

जास्तीच्या तेलाचा खरा बळी मात्र लाकूड असते, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. बंदूक नळी वर करून उभी ठेवली की तेल नळ्यांवरून यंत्रणेत आणि तिथून दस्त्याच्या माथ्यात, म्हणजे लाकूड यंत्रणेला जोडते तिथे, झिरपते. अक्रोडाचे लाकूड काळे पडते, मऊ होते, आणि बार उडताना बसणारा धक्का नेमका तिथेच येत असल्याने पुढे चिरते. नळ्यांना पुन्हा ब्लूइंग करता येते. तेल प्यालेला दस्ता पूर्ववत करणे फार कठीण. नळीचे तोंड खाली करून ठेवण्याची जुनी पद्धत याच कारणाने शहाणपणाची आहे.

चामडी पेटी प्रवासासाठी असते. चामडे आणि आतले लोकरी अस्तर हवेतला ओलावा शोषून धरतात आणि चामडे कमावताना वापरलेली आम्ले व क्षार धातूच्या अंगाला लागून राहतात. कापडाच्या गुंडाळीचेही तेच. बोळ्यांबद्दल तर वाद घालण्याचीही गरज नाही: ते ओलावा कोंडून नळीत गंजाचे कडे तयार करतात आणि विसरून बार काढला तर नळी फुटू शकते.

गंजाची गती मुख्यतः हवेवर ठरते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की ती झपाट्याने वाढते. ४० ते ५० टक्के हा पट्टा पोलाद आणि लाकूड दोघांनाही मानवतो. हवा त्याहून फार कोरडी झाली तर दस्ता आकसतो. बंद कपाटात ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवले म्हणजे काम संपले असेही नाही, कारण ते ओलाव्याने भरले की थांबते. सुमारे १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवल्यावरच पुन्हा उपयोगी पडते. म्हणून शेजारी आर्द्रतामापक हवाच. तापमानातील चढउतारही तितकाच घातक आहे: २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत सुमारे १७ अंशांखालचे पोलाद आणले की त्यावर दव जमते, मग तेल कितीही असो.

दहा वर्षे न उघडण्याची कल्पना इथेच कोसळते. पहिल्या वर्षी दर महिन्याला आणि पुढे निदान दर तीन महिन्यांनी बंदूक बाहेर काढून दोन नळ्यांमधली पट्टी, यंत्रणेच्या फटी आणि दस्त्याचा माथा उजेडात पाहावा. पट्टी कुठे सुटलेली दिसली, तर वरून तेल न लावता ती कुशल बंदूक-कारागिराकडे द्यावी, कारण तिच्याखाली शिरलेले पाणी बाहेरून पुसता येत नाही.