बघण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?

डिसेंबरमध्ये पुण्याचा मावसभाऊ जळगावला आला होता, गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "इथे बघण्यासारखं काय आहे रे?" तेव्हा मी अजिंठा, चांगदेव, पारोळ्याचा किल्ला अशी नावं फेकली. पण खरं सांगू का, प्रश्नच चुकीचा होता. खान्देश बघायचा विषयच नाहीये.

नंदुरबारचंच घ्या. सीझनमध्ये मिरचीच्या पथाऱ्या लागल्या की शहर यायच्या आधीच एसटीत अर्धी लोकं शिंकायला लागतात, झोपलेल्या माणसालाही कळतं कुठं आलो ते, बोर्ड वाचायची गरजच नाही. भुसावळ तर रात्री गच्चीवर पडल्या पडल्या कानाने कळतं, इंजिनांची शिट्टी आणि मध्येच वाऱ्यावर येणारी स्टेशनची अनाउन्समेंट. आणि आमच्या जळगावचा मे महिना! रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवून बघा, भिंत दिवसभराचा हिशोब चुकता करते.

वास्तूंचंही तेच. एरंडोल तालुक्यातलं फरकांडे, तिथले झुलते मनोरे. एक हलवला की दुसरा हलायचा. आप्पा लहानपणी वर चढायचे, सांगतात की पलीकडून पोरं हलवायला लागली की आपल्या पायाखाली थरथर यायची आणि पोटात गोळा. आता त्यातला एक पडलाय. उरलेल्याचा फोटो चांगला येतो हो, पण ज्याच्यासाठी लोक जायचे ते फोटोत कसं येणार? माझ्या मते तिथे दोन्ही मनोरे गेले, एक पडून आणि एक जोडीदार नाही म्हणून.

अजिंठ्याला मी शाळेत असताना आजीला घेऊन गेलो होतो, भर मे महिन्यात. वाघोरा नदी कोरडी ठाक, बाहेर दगडावर पाय ठेववत नव्हता. पहिल्या लेणीत सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर माना वर करून उभे, फ्लॅश मारू नका म्हणून शिपाई ओरडतोय, गाईडला पुढच्या ग्रुपची घाई. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात तो अंधार. तिने अनवाणी पाय त्या काळ्या दगडावर दोनदा घासले आणि मोठ्याने म्हणाली, "माले काही दिसस नही, पन गार कितलं शे रे भो!" दोन-चार जण हसले, मला तेव्हा लाज वाटली. आज पद्मपाणीचा मुकुट कसा होता ते मला फोटो बघूनच आठवतं पण तो गारवा आणि वटवाघळांचा उग्र वास डोळे मिटले तरी येतो. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू पावसाळ्यात तिथे राहायचे, त्यांच्या तळव्यांनाही हाच दगड लागला असेल ना. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथे पोचला आणि दहाव्या लेणीच्या खांबावर स्वतःचं नाव कोरून आला. हौसच एकेकाची!

असो. मावसभावाने दोन दिवसांत शेकड्याने फोटो काढले. शेवटच्या रात्री शेतात भरीत पार्टी, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना धूर नेमका त्याच्याच तोंडावर, डोळ्यातून पाणी, आणि तरी बाजूला सरकायला तयार नाही. तेवढे दोन तास फोन खिशात होता.

परवा त्याचा मेसेज आला. आईने बॅगेत दोन किलो मिरची भरून दिली होती, ती उघडली तर अख्खी सोसायटी शिंकतेय म्हणे.