सामना जिंकून देण्याची घरगुती पद्धत

सामना मैदानावरचे अकरा जण जिंकतात, असं टीव्हीवरचे तज्ज्ञ सांगतात. त्यांना त्याचे पैसे मिळतात, म्हणून सांगतात. सामना जिंकतो सोफ्यावरचा माणूस, तोही फुकटात. तेव्हा नाणेफेकीच्या आधीच घरातल्या जागा ठरवून घ्या. मागचा सामना ज्या जागेवर बसून जिंकलात तीच जागा, तोच टी-शर्ट, आणि नाकाला सोसत असेल तर न धुतलेला.

घरातली माणसंही नीट पारखून ठेवा. आमच्याकडे सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या की विकेट पडते, हे आम्ही सप्रमाण सिद्ध केलेलं आहे. आपली बॅटिंग असली की त्यांना स्वयंपाकघरातच थांबायची विनंती होते. समोरच्यांची भागीदारी जमली की त्यांना सन्मानाने बोलावणं जातं, "आई, जरा चहा टाकता का?" एका सामन्यात त्यांनी सहा वेळा चहा टाकला. पॉवरप्ले म्हणजे काय हे त्यांना अजून माहीत नाही. साखर संपल्याचं मात्र त्यांनीच सांगितलं.

यानंतर व्याकरण. जिंकलो की 'आपण' म्हणायचं, हरलो की 'हे लोक'. ही काही आपल्याच अंगची खोड नाही. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली हेच दाखवून दिलं होतं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव मिरवणारे कपडे जास्त दिसायचे. शिवाय पोरं विजयाची बातमी 'आपण' म्हणून सांगायची आणि पराभवाची 'ते' म्हणून. मराठीची सोय त्याहून बारीक आहे. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द असताना घरबसल्या कुणीच 'आम्ही जिंकलो' म्हणत नाही. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही विजयात आला आणि मग तोही पेढे मागत नाही. हरल्यावर कर्ता बदला: "घालवली यांनी मॅच."

आता कुणी आगाऊ भाचा विचारेल, "मामा, टीम 'आपली' कशी?" त्याला उत्तर देऊ नका. कारण क्रिकेट बोर्ड ही तमिळनाडूत नोंदवलेली एक सोसायटी आहे आणि राज्यघटनेच्या अर्थाने ती 'राज्य' नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगून ठेवलंय. तुमच्या हाउसिंग सोसायटीत वार्षिक सभेला उभं राहून पाण्याच्या टाकीवरून भांडता तरी येतं. या सोसायटीचे तुम्ही सभासदही नाही, आणि तरी रडायला पहिल्या रांगेत.

रडण्याचंही शास्त्र आहे. ते मी १९९६ साली शिकलो. ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध वर्ल्ड कपची सेमीफायनल. १ बाद ९८ वरून ८ बाद १२०, मग मैदानात बाटल्या, आणि रडत परतणारा विनोद कांबळी. आमच्या वडिलांनी उठून टीव्ही बंद केला, दिवाही मालवला आणि तसेच अंधारात बसून राहिले. त्यांची बढती दोनदा हुकली, तेव्हा ते नेहमीप्रमाणे जेवून झोपले होते. आजोबा गेले तेव्हाही घरात पाहुण्यांची सोय बघत फिरले. त्या रात्री मात्र ताट तसंच राहिलं आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "सर्दी झालीय त्यांना." तेव्हा वाचकहो, तुमच्याही घरात कर्त्या पुरुषाला रडायची दुसरी सोय नसेल, तर क्रिकेटचं चॅनल बंद करू नका.

तब्येतीची काळजी करणारे भेटतीलच. २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये जर्मनीचा सामना असला की म्युनिकच्या परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीच पटींहून जास्त व्हायच्या, असं तिथल्या डॉक्टरांनी मोजलं. डॉक्टर मंडळींनी यातून सावधगिरीचा बोध घेतला. खरा पाठीराखा एवढंच विचारेल, मग जर्मनी जिंकली का? नाही हो. सेमीफायनलला इटलीकडून हरली. इतकं करूनही!

पराभवाचं सुतक कसं पाळावं यासाठी १९ नोव्हेंबर २०२३ चा आदर्श समोर ठेवा. ओळीने दहा सामने जिंकून वर्ल्ड कपच्या फायनलला अहमदाबादला गेलो, म्हणजे आपण गेलो. तिथे २४० ला ऑल आउट झाले ते हे लोक. ऑस्ट्रेलियाच्या हेडने १३७ ठोकल्या. रविवार होता. माणूस गेलं तर तेराव्यापर्यंत कुणी काही बोलत नाही, इथे सकाळी दहाला मीटिंग. तिथे जाऊन राहुलच्या १०७ चेंडूंतल्या ६६ धावांवर तोंडसुख घ्यावं. गॅसचा सिलिंडर स्वयंपाकघरापर्यंत नेताना आपल्याला दोनदा टेकावं लागतं, हा विषय तिथे काढू नये.

आणि जिंकलो तर? तर श्रेय हक्काने घ्या. २९ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची बार्बाडोसची फायनल. क्लासेनसमोर आपल्या अक्षरच्या एका ओव्हरमध्ये २४ गेल्या, दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, आणि घरच्यांच्या लक्षात आलं की ती ओव्हर सुरू होताना मी मांडी बदलली होती. एकमताने माझी रवानगी गॅलरीत झाली. टीव्हीकडे पाठ, बाहेर पाऊस. थोड्या वेळात क्लासेन आउट झाला. आतून दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

शेवटची ओव्हर. आमच्याकडे सामना ॲपवर लागलेला, म्हणजे जगाच्या अर्धा मिनिट मागे. समोरच्या बिल्डिंगमध्ये केबल. तिकडून जी आरोळी उठली तिने मला कळलं की आफ्रिकेचा मिलर गेला. आत सगळे अजून हात जोडून बसले होते. मी काचेवर टकटक करून सांगायला गेलो, तर सासूबाईंनी पडदा ओढून घेतला.

"कॅच सूर्याने घेतला," धाकटे काका नंतर म्हणाले. घेतला असेल. पण भिजत कोण उभं होतं? तेव्हापासून शेवटच्या पाच ओव्हरला गॅलरी माझी, हे घरात ठरून गेलंय. यंदा हिने तिथे एक खिळा ठोकून छत्रीही अडकवून ठेवलीय.