म्हणे ‘इंग्रजांचं चर्च’!

नाताळ जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्याच एका वर्गमित्राने शाळेच्या ग्रुपवर टाकला. मजकूर थोडक्यात असा: ‘खेड्यापाड्यांतली छोटी चर्चं इंग्रज सरकारने उभी केली. दुष्काळात धान्य देऊन माणसं बाटवली. आज ती डॉलरवर चालतात आणि आत बसणारे सवलतींसाठी बसतात.’ नगर जिल्ह्यातल्या अशाच एका पत्र्याच्या चर्चमध्ये माझं लहानपण गेलं, म्हणून हे उत्तर.

आधी इंग्रज सरकार. नगरकडच्या कितीतरी जुन्या मंडळ्या (म्हणजे एकेका चर्चचे भाविक) अमेरिकन मराठी मिशनच्या. त्या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना हद्दपारीचा हुकूम दिला. एक तर अमेरिका आणि ब्रिटन यांचं युद्ध चालू होतं. शिवाय कंपनीला धर्मप्रचारक नकोच होते. रयतेच्या धर्मात हात घातला तर व्यापार आणि वसुली दोन्ही बिघडतील, हा तिचा रोकडा हिशोब. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी बंगालमध्ये सिरामपूरला राहिला तोही याचमुळे. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. पुढे ब्रिटिश संसदेने कंपनीला दिलेल्या १८१३च्या सनदेने मिशनऱ्यांना दार उघडलं, १८३१मध्ये नगरला मिशनचं ठाणं झालं आणि १८३३मध्ये पहिली मंडळी. बरं, गोरा प्रचारक म्हणजे सरकारचा जावई असंही नव्हतं. मुलकी सेवेतली नोकरी सोडून आलेल्या फ्रेडरिक टकरने १८८२मध्ये मुंबईत मुक्तिफौजेची (‘साल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती संघटनेची) मिरवणूक काढली आणि पोलिसांनी त्यालाच धरला. इंग्रजी राज्याचा मिशनला फायदा झालाच नाही, असं मी म्हणणार नाही. शाळांना अनुदान मिळालं, साहेबाची साहेबाशी ओळख असायची. पण सोय होणं वेगळं आणि सरकारने चर्च उभं करणं वेगळं.

धान्याचा मुद्दा मात्र अगदीच हवेतला नाही. १८७६-७८च्या दुष्काळानंतर नगरकडच्या मंडळ्या वाढल्या, हे खरंच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १८३९मध्ये, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांनी बाप्तिस्मा घेतला. दोघेही ब्राह्मण. (खिस्ती हे आडनाव आधीपासूनचंच, निव्वळ योगायोग.) त्यांना कुठलं पोतं दिलं होतं? पुढे १८५४मध्ये दोघांनाही पाळकपदाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूपदाची, दीक्षा मिळाली. म्हणजे व्यासपीठावर मराठी माणूस उभा राहायला फार काळ लागला नाही.

आणि ज्यांच्याबद्दल हा मेसेज लिहिलाय, त्या महारवाड्या-मांगवाड्यांतल्या माणसांचं काय? बाजरीचं पोतं पुढच्या सुगीपर्यंत पुरतं. त्यानंतर बलुत्यावर गदा आली, पाटलाने डोळे वटारले, तरी ही माणसं रविवारी येत राहिली. कारण तिथे पोराला पाटी मिळत होती आणि नावापुढे ‘राव’ लागत होता. माझ्या आजीला या सगळ्यात सर्वांत मोठं वाटायचं ते एवढंच, की पाळकसाहेब ओसरीवर बसून तिच्या हातचा चहा प्यायचे. जात आम्हीही पुरती सोडली नाही हो. सोयरीक जुळवताना ती बरोबर डोकं वर काढते. पण तो आमच्या घरातला वाद, धान्याशी त्याचा संबंध नाही.

आता डॉलर. परदेशी देणगी घ्यायची तर केंद्राकडे नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एका ठरावीक शाखेतच जमा व्हावा लागतो. आमच्या मंडळीचं तालुक्याच्या बँकेतलं खातं चालू ठेवताना खजिनदाराच्या नाकी नऊ येतात. पैसा येतो तो कसा, ते सुगीनंतरच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला, येऊन बघावं. सतरंजीपुढे बाजरी, भोपळे, पाय बांधलेली कोंबडी, कुणाचे शेवग्याच्या शेंगांचे भारे. उपासना संपली की लिलाव. एक अंडं पन्नास रुपयांना जातं. घेणारा ते पुन्हा टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली, आता साठ. असं एकच अंडं चार-पाच वेळा विकलं गेलेलं मी पाहिलंय. शेवटी ते कुणाच्या तरी खिशात फुटायचं ते वेगळंच. आमच्या चर्चच्या पत्र्यांचा आणि सतरंज्यांचा खर्च जमाखर्चाच्या वहीत याच पैशांसमोर लिहिलेला आहे.

सवलतींचं तर उलटंच आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. शीख १९५६मध्ये आणि बौद्ध १९९०मध्ये त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेरच. बाप्तिस्मा घेतला की हातातला दाखला जातो, मिळत नाही.

मेसेजच्या शेवटी ‘विलायती गाणी’ असाही एक टोमणा आहे. आमच्याकडे पेटी आणि टाळांवर जास्त करून नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, आणि अभंगाचं वळण त्यांनी काही लंडनहून आणलं नव्हतं.

वर्गमित्राला फोन केला होता. म्हणाला, ‘अरे, मी वाचलंच नव्हतं, आलं तसं पुढे ढकललं.’ पुढच्या उपकारस्तुतीला येतो म्हणालाय. येताना सुटे पैसे आण, एवढं मी त्याला सांगून ठेवलंय.