एलिझाबेथ कोप तुरुंगात गेल्या नव्हत्या

वक्तृत्व स्पर्धेसाठी माझ्या भाचीने लिहिलेले भाषण काल वाचायला घेतले आणि दुसऱ्याच परिच्छेदाशी थांबले. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर तिने जसाच्या तसा उतरवला होता: स्वित्झर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष एलिझाबेथ कोप यांनी नवऱ्याचा काळा पैसा वाचवण्यासाठी सरकारी गुपित फोडले, त्यांना तुरुंगवास झाला, पुढे वीस वर्षे तिथे एकही स्त्री मंत्री झाली नाही, थोडक्यात, ‘सरपंचपती’ तिकडेही असतात.

कोप राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हत्या. २ ऑक्टोबर १९८४ रोजी सात जणांच्या संघीय मंत्रिमंडळावर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला; राष्ट्राध्यक्षपद पहिल्यांदा स्त्रीकडे आले ते १९९९ मध्ये, रूथ ड्रायफुस यांच्याकडे. याच ड्रायफुस १९९३ मध्ये मंत्री झाल्या होत्या, म्हणजे ती वीस वर्षे प्रत्यक्षात चार आहेत.

तुरुंगवासाची गोष्ट तर निखालस खोटी आहे. गोपनीयता भंगाच्या आरोपातून लोझानच्या संघीय न्यायालयाने फेब्रुवारी १९९० मध्ये कोप यांना निर्दोष सोडले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपलब्ध असताना कोणाला तरी तुरुंगात पाठवून मोकळे होणे ही बेजबाबदारपणाची हद्द आहे.

कोप यांनी पतीला एक फोन मात्र केला होता, हे मान्य करावे लागते. पती हान्स कोप ज्या कंपनीच्या संचालक मंडळावर होते, तिचे नाव पैशांच्या अवैध व्यवहारांच्या संशयात येत असल्याचे कळताच, २७ ऑक्टोबर १९८८ रोजी तेव्हा न्यायमंत्री असलेल्या कोप यांनी फोनवरून त्यांना तिथून बाहेर पडायला सांगितले. न्यायमंत्र्याने असे करायला नको होते, आणि त्यानंतर कित्येक आठवडे ते दडवायला तर मुळीच नको होते. जानेवारी १९८९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, ते योग्यच झाले.

पण यावरून ‘सरपंचपती’ हा शिक्का मारणे मला सहन होत नाही. जुन्या स्विस कायद्यानुसार पती कुटुंबाचा प्रमुख असे, राहण्याचे ठिकाण तो ठरवी आणि पत्नीला नोकरी करायची तर त्याची संमती लागे. हे सारे रद्द करणाऱ्या नव्या विवाह कायद्याची बाजू न्यायमंत्री म्हणून जनतेसमोर मांडली ती कोप यांनी. विरोधकांच्या आघाडीवर होते राजकारणी क्रिस्टोफ ब्लोखर. २२ सप्टेंबर १९८५ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी कायद्याला कौल दिला. ज्या देशात स्त्रियांना संघीय पातळीवर मतदानाचा हक्कच १९७१ मध्ये मिळाला, तिथे चौदा वर्षांत घडलेली ही गोष्ट आहे, आणि त्या मजकुरात तिचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

भाचीने तो परिच्छेद खोडला आहे. त्या जागी आता २२ सप्टेंबर १९८५ ही तारीख आहे, आणि खाली त्या फोनचीही दोन वाक्ये आहेत.