बंडूभाऊची बंद गोळी

शनिवारी लक्ष्मीनगरच्या टपरीवर विषय निघाला तो बंडूभाऊच्या बीपीच्या गोळीचा. ती त्यानं स्वतःच्या अकलेनं बंद केली आहे.

"काहून घेऊ बे? मले काई होऊनच नाही राहिलं. आकडे सारे कंपन्याच ठरवते. पहिले १४०-९० होतं. अमेरिकेनं २०१७ मध्ये १३०-८० केलं. युरोपवाले तर आता १२० लेच 'वाढला' म्हणते. उद्या नाडी चालू हाय म्हणून गोळी देतीन!"

पिंट्यानं टाळी दिली. टाळी मिळाली की बंडूभाऊ थांबत नाही. मग दुधीचा रस आला, लसूण आला, व्हॉट्सअ‍ॅपवरचा कोणी बाबा आला.

सरांनी कप खाली ठेवला. शाळेत आम्हा सगळ्यांना जीवशास्त्र त्यांनीच शिकवलं. "डॉक्टरांनी आकडा कधी बदलवला ते सोड. तुझ्या शरीरानं कधी बदलवला ते ऐक."

मानेच्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढून भिंत ताणली की मेंदूच्या बुंध्याला निरोप जातो. हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात. दाब पडला की उलटं. "आता तू उठशील तेव्हा अर्धा लिटर रक्त पायांकडं उतरेल. तरी पडत नाहीस, ते यांच्यामुळे."

"म्हणजे माझं मशीन बराबर हाय ना!"

"बराबर आहे, पण त्याला सवय लागते. दाब काही दिवस चढलेलाच राहिला, की तोच त्याला बरोबर वाटतो. इतवारीच्या बाजारात राहणाऱ्याला ट्रकचा आवाज येतो का? तुला काही होत नाही म्हणजे १६० ची सवय झाली, एवढंच."

मला विचाराल तर सबंध संध्याकाळीत कामाचं वाक्य हेच होतं. 'काही होत नाही' म्हणत गोळी सोडलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

बंडूभाऊ कंपन्यांवरच अडून बसला. सर म्हणाले, "किडनीकडं रक्त कमी आलं की ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते. त्यातून पुढं अँजिओटेन्सिन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ-पाणी शरीरात धरून ठेवलं जातं आणि दाब चढतो. हे रेनिन १८९८ मध्ये स्टॉकहोमला सशाच्या किडनीत सापडलं. तेव्हा कोणती कंपनी तुला बीपीची गोळी विकत होती?"

पिंट्यानं आता बाजू बदलली. "सर, मे महिन्यात बाबाले चक्कर येते, तेव्हा बीपी खाली दाखवते."

"उन्हात कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, घामात मीठ-पाणी जातं. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असली की आणखी उतरतो. डॉक्टरांना दाखव, ते डोस कमी करतील. हा करतो तसा घरच्या घरी नाही."

"सर, तुम्ही मले दहावीत लटकवलं होतं, त्याचाच राग काढून राहिले!"

"पेपर बोर्डानं तपासला रे. प्रात्यक्षिकात तर मी तुला ओढून काढलं. बेडकाचं हृदय उजवीकडं काढलं होतंस."

"अन् सावजीचे माझे पैसे?" पिंट्याला नेमकं आत्ताच आठवलं.

सर उठले. "चल, समोरच्या मेडिकलमध्ये मोजू."

"पहिले पिंट्याचा मोजा सर, उधारी आठवली की त्याचाच चढते," म्हणत बंडूभाऊ झटक्यात उठला, भोवंडला आणि पिंट्याचाच खांदा धरून उभा राहिला.

"पकडून ठेव रे," टपरीवाला आतून ओरडला, "माझेबी बाकी हाय!"